विदर्भातून स्पितीला माउंटन बाईक घेऊन जायचं तर

विदर्भात सायकल जास्तीत जास्त किती उंच नेता येते? चिखलदऱ्याला, म्हणजे १,११८ मीटर. शेजारचा वैराट धरला तर आणखी थोडं वर. हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात आपण जिथं मुक्काम करतो ते काझा गावच साधारण ३,७०० मीटरवर आहे, आणि तिथून निघणाऱ्या सायकलवाटा साडेचार हजार मीटर ओलांडतात. हे आकडे ऐकले की आपल्याकडची पोरं एकतर बेत सोडून देतात, नाहीतर "आधी मांड्या तयार करतो, मग पाहू" म्हणत रोज परतवाडा-अचलपूरच्या डांबरी रस्त्यावर सायकल हाणायला लागतात. मांड्यांचा सराव वाईट नाही, पण स्पितीत सायकलवाल्याची सहल मोडते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, लांब उतारावर ब्रेक सांभाळता येत नाहीत. दुसरं, झोपायची उंची घाईनं वाढवलेली असते. चढ त्या मानानं गरीब. दम लागला की उतरायचं आणि ढकलत चालायचं, कोणी विचारत नाही.

ब्रेक आपल्या घाटात शिकता येतात. उंचीचं मात्र तिथंच निभवावं लागतं. पुढची सगळी आखणी या दोन गोष्टींभोवती आहे.

कधी जायचं

स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथं पाऊस फार नाही. पण तिथं पोचायचा शिमला-किन्नौरचा रस्ता सतलजच्या खोऱ्यातून जातो, आणि तो जुलै-ऑगस्टमध्ये दरडींचा असतो. ११ ऑगस्ट २०२१ ला किन्नौरमधल्या निगुलसरीला डोंगर कोसळून एसटीसारखी भरलेली बस आणि इतर गाड्या गाडल्या गेल्या होत्या. तेव्हा भर पावसाळ्यात या रस्त्यानं सायकल नेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. जूनमध्ये जाता येतं, पण जून म्हणजे आपली पेरणी. घरी शेती असेल तर बाप जाऊ देणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

शेतकरी घरातल्या माणसाला खरा मोकळा काळ सापडतो तो पोळ्यानंतर. डवरणी, निंदण उरकलेलं असतं, सोयाबीन अजून वाळायचं असतं, कापूस वेचायला अवकाश असतो. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरचे पहिले काही दिवस. स्पितीतही हाच काळ उत्तम: आभाळ स्वच्छ, नाल्यांना पाणी कमी, रात्री मात्र पारा शून्याच्या आसपास. लवकर येणाऱ्या वाणाचं सोयाबीन असेल तर कापणीचं कोणावर तरी सोपवून निघा, नाहीतर सगळा जीव इकडे राहील.

जाण्यायेण्यासह तीन आठवडे धरा. दोन आठवड्यांत कोंबायचा प्रयत्न केला की जे दिवस कापले जातात ते विश्रांतीचेच कापले जातात. नेमके तेच कापायचे नसतात.

सायकल कशी हवी

पुढच्या चाकाला शॉकअप असलेली साधी हार्डटेल पुरते. शंभर ते एकशेवीस मिलिमीटर दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), एकोणतीस इंची किंवा साडेसत्तावीस इंची चाकं, आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक. मागेपुढे सस्पेन्शनची महागडी सायकल घेतली तर मजा जास्त येते, पण तिचा मागचा शॉक बिघडला तर तो काझ्यात काय, अमरावतीतही कोणी उघडणार नाही. ढाब्यावर बसून दुरुस्त करता येईल तेच सामान डोंगरात न्यावं.

गिअरचा हिशोब सोपा आहे. पुढच्या चकतीचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या दातांपेक्षा बरेच कमी हवेत. पुढे एकच चकती असेल तर ३२ ला मागे ५० किंवा ५१ चालतं. जुनी तीन चकत्यांची सायकल असेल तर पुढची सगळ्यात छोटी २२ ची आणि मागे ३४ असली की काम भागतं. गावातला सायकल स्टोअरवाला तीन चकत्यांची सायकल "जुन्या जमान्याची" म्हणून मोडीत काढायला सांगेल. ऐकू नका. चढाला ती कुठंही कमी पडत नाही.

ब्रेकच्या पॅडवर, म्हणजे डिस्कला दाबून धरणाऱ्या तुकड्यांवर पैसे खर्च करा. बहुतेक सायकलींना कारखान्यातून रेझिनचे पॅड येतात. ते आवाज करत नाहीत, लवकर पकडतात, पण लांब उतारावर तापले की त्यांची पकड सुटते, आणि ओल्या बारीक रेतीत ते भराभर झिजतात. धातूमिश्रित, म्हणजे सिंटर्ड पॅड किरकिरतात, पण टिकतात. घेण्याआधी डिस्कवर काय लिहिलंय ते वाचा. काही स्वस्त डिस्कवर "फक्त रेझिन पॅड" असं छापलेलं असतं, त्यांना धातूचे पॅड लावले तर डिस्कच खरवडून निघते. शक्य असेल तर पुढची डिस्क १८० मिलिमीटरची करून घ्या. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग धरून दहा-वीस वेळा हळूहळू, पूर्ण न थांबता ब्रेक दाबा. हे न करता थेट घाट उतरलात तर पॅड चकचकीत होऊन कायमचे सुस्त होतात.

टायर २.२ ते २.४ इंच रुंद, ट्यूबलेस. आपल्याकडे बाभळीचे काटे आणि गोखरू एवढे असतात की ट्यूबवाला माणूस सरावापेक्षा पंक्चर काढण्यात जास्त वेळ घालवतो. ट्यूबलेसच्या आत ओततात ते सीलंट काटा निघाला की भोक आपोआप बुजवतं. पण आपल्या उन्हाळ्यात ते आत वाळून रबराच्या साली होतं, म्हणून निघायच्या आधी टायर उघडून पाहा आणि नवं भरा. स्पितीत काटे कमी, धारदार दगड जास्त. तिथं टायरची बाजूच फाटते, आणि ते सीलंटच्या हातचं नाही. जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा, जाड सुई, नायलॉनचा दोरा आणि एक साधी ट्यूब सोबत ठेवा. फाटलेलं शिवायचं, आतून तुकडा लावायचा, ट्यूब घालायची आणि चालू लागायचं.

हवेचं एक गणित सांगून ठेवतो, कारण त्यावर तिथं हमखास वाद होतो. वर गेल्यावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळं इथं भरलेला टायर हवेच्या मीटरवर पाच-सहा पीएसआय (दाबाचं माप) जास्त दाखवतो. पण थंडीनं आतली हवा आकसते, म्हणून मीटर खाली येतो. दुपारच्या उन्हात आणि पहाटेच्या गारठ्यात एकाच टायरचे दोन वेगळे आकडे दिसतील. मीटर खराब नसतो. निघायच्या वेळी सावलीत मोजा आणि त्याच आकड्यावर ठरवा. हवेवर चालणाऱ्या फोर्कलाही हेच लागू.

सोबतच्या हत्यारांत ॲलन की, साखळी तोडायचं हत्यार, साखळीच्या दोन जोडकड्या, हातपंप, पॅडची एक जादा जोडी आणि आपल्याच सायकलच्या मापाचा डेरेलर हँगर. हँगर ही गिअर लटकवणारी छोटी ॲल्युमिनियमची पट्टी असते, सायकल आपटली की आधी तीच वाकते, आणि दर मॉडेलची वेगळी असते. काझ्यात ती मिळायची नाही.

सराव: पांदण, नाला आणि घाट

डांबरी रस्त्यावर केलेले किलोमीटर डोंगरवाटेला फारसे उपयोगी पडत नाहीत. आपल्या शेताकडे जाणारी पांदण मात्र फुकटची शाळा आहे. बैलगाडीची चाकोरी पडलेल्या पांदणीत एका चाकोरीतून सायकल न हलवता नेणं, मग चालू सायकलवर पुढचं चाक उचलून दुसऱ्या चाकोरीत टाकणं, हे जमलं की स्पितीच्या जीपवाटा ओळखीच्या वाटतात. डोळे चाकासमोर ठेवू नका, दहा-पंधरा मीटर पुढं ठेवा. दगडाकडे पाहत राहिलात की सायकल बरोबर त्याच दगडावर जाते.

पावसाळ्यात मात्र काळ्या मातीच्या पांदणीत जाऊ नका. दोन मिनिटांत टायर आणि फोर्कच्या मधली जागा मातीनं भरते, चाक फिरायचं थांबतं, आणि जोर लावला तर गिअरचा हँगर तुटतो. त्या दिवसांत मुरमाचे रस्ते, कॅनॉलच्या बाजूची वाट किंवा टेकडीचा भाग पाहा. पूर्व विदर्भातल्यांना रामटेक-मनसरच्या टेकड्या आहेत, यवतमाळवाल्यांना पुसदकडचे घाट आहेत. सराव पहाटे करा. एकतर ऊन नसतं आणि दुसरं म्हणजे नंतर शेतावर जायचं असतं.

सांगणाऱ्यांची तयारी ठेवा. पांदणीत पुन्हापुन्हा तोच उतार उतरताना दिसलात की कोणीतरी विचारणारच, "काहून बाप्पा, काही हारपलं काय?" दोन आठवड्यांत सवय होते. तुम्हालाही आणि त्यांनाही.

कोरड्या नाल्यातले गोटे हा दुसरा सराव. हलक्या गिअरमध्ये, पायडल सतत फिरवत, कमरेत थोडं सैल राहून आरपार जायचं. मध्येच पायडल थांबवलं की सायकल तिथंच रुतते. हेच कौशल्य स्पितीत वाहत्या पाण्यात लागतं.

मग घाट. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याचा रस्ता साधारण तीस किलोमीटरचा, आणि उंचीतला फरक सातशे मीटरच्या घरात. एवढा सलग उतार विदर्भात दुसरीकडे क्वचितच सापडेल. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथं गाड्यांची रीघ लागते, धुक्यात समोरचं दिसत नाही, तेव्हा मधल्या वारी पहाटेच निघा. एकदा तरी पाठीवर नाही, तर सायकलवर दहा-बारा किलो सामान बांधून चढा. सामानासकट सायकल वळणावर कशी वागते ते घरच्या घाटातच कळलेलं बरं. निघायच्या महिनाभर आधी सलग तीन दिवस सायकल चालवायचा एक कार्यक्रम करा. पहिल्या दिवशी सगळेच पैलवान असतात, तिसऱ्या दिवशी खोगिराची उंची, मनगटं आणि गुडघे खरं काय ते सांगतात.

एक अट पाळा. डांबरी रस्ता सोडून मेळघाटच्या जंगलातल्या वाटांवर सायकल घालू नका. हा १९७३ साली देशात पहिल्या काही व्याघ्र प्रकल्पांबरोबर घोषित झालेला भाग आहे, तिथं परवानगीशिवाय फिरणं गुन्हा आहे आणि अस्वलाला गुन्ह्याबिन्ह्याशी घेणंदेणं नसतं. सायकल आवाज न करता वेगात येते, त्यामुळं जनावर दचकतं. संध्याकाळच्या आत घाट उतरून खाली या.

ब्रेक मारायची रीत

या एका गोष्टीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडे ती कोणी शिकवत नाही. लहानपणी सगळ्यांना एकच सांगितलेलं असतं: पुढचा ब्रेक दाबू नको, उलटा पडशील. त्यामुळं मोठेपणीही माणूस मागच्याच ब्रेकवर विसंबतो. वास्तविक उतारावर वजन पुढं येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि मागचा ब्रेक दाबला की ते नुसतं घसरतं. सायकल थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. तो दाबताना शरीर कुठं आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

उभे राहा. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली. कंबर खोगिराच्या मागे-वर, कोपरं बाहेर काढलेली, छाती खाली. ब्रेकच्या दांडीवर एकच बोट, बाकीची बोटं मुठीवर घट्ट. आता मऊ सुरुवात करून पुढचा ब्रेक दाबा, जोर वाढवत न्या, आणि टाचांनी पायडलांना पुढं ढकला. सायकल सरळ असताना वेग कमी करा, वळणात शिरण्याआधी ब्रेक सोडा. सुट्या खडीवर वळतावळता पुढचा ब्रेक दाबला की चाक बाजूला निसटतं, आणि तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

लांब उतारावर ब्रेक सतत हलका धरून ठेवायचा मोह होतो. तो धरलात की पॅड तापत जातात, थंड व्हायला उसंत मिळत नाही. त्यापेक्षा वेग थोडा वाढू द्या, मग दोन-तीन सेकंद जोरात दाबा, पुन्हा सोडा. चिखलदरा उतरताना मध्ये थांबून डिस्कजवळ हात न्या, लावू नका, नुसती ऊब पाहा. धरून ठेवलेल्या ब्रेकची आणि सोडून-दाबून वापरलेल्या ब्रेकची ऊब वेगळी लागते. दांडी पूर्वीपेक्षा जास्त आत जाऊ लागली किंवा जळका वास आला, की थांबा. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. बसा दहा मिनिटं.

सायकल रेल्वेनं

छोट्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात पार्सलच्या डब्यात सायकल चढेलच याचा भरवसा नसतो. त्यापेक्षा नागपूरहून निघा. तिथं पार्सल ऑफिसात आपलं तिकीट दाखवून सायकल लगेज म्हणून बुक करता येते, वजनाप्रमाणे पैसे लागतात. गाडीच्या काही तास आधी पोचा.

पॅकिंगला महागडी पिशवी लागत नाही. पायडल काढा (डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरून हत्यार मोडणारे पुष्कळ आहेत), हँडल फिरवून फ्रेमला समांतर बांधा, मागचा डेरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा. फ्रेमला जुनी चादर गुंडाळा आणि बाहेरून बारदाना शिवून टाका. तुरीच्या हंगामातला उरलेला बारदाना कोणाकडंही सापडतो. चाकं काढली असतील तर ब्रेकच्या पॅडांमध्ये पुठ्ठ्याची जाड चकती खोचा. चाक नसताना कोणी चुकून दांडी दाबली तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग ते उघडत बसावं लागतं. बारदान्यावर नाव, पीएनआर आणि कुठं उतरवायची ते स्टेशन जाड मार्करनं दोन्ही बाजूंनी लिहा. दिल्लीला किंवा चंदीगडला उतरा, पुढं शिमल्यापर्यंत बस. हिमाचलच्या ज्या सरकारी बसला टपावर जाळी असते तिच्यावर सायकल चढवून देतात, भाडं वेगळं द्यावं लागतं. बांधायला दोर आपला न्या आणि स्वतः वर चढून बांधा.

शिमला ते काझा

स्पितीला दोन बाजूंनी जाता येतं. मनालीकडून अंतर कमी आहे, पण दोन-तीन दिवसांतच ४,५५० मीटरच्या आसपासची कुंझुम खिंड समोर येते. आपल्यासारख्या तीनशे-चारशे मीटरवर राहणाऱ्यांसाठी हा रस्ता उलटा आहे. किन्नौरकडून जा. उंची टप्प्याटप्प्यानं वाढते, आणि भारतीयांना या वाटेला वेगळा परवाना लागत नाही. ओळखपत्र तेवढं जवळ ठेवा, चेकपोस्टवर नोंद होते.

शिमला २,२०० मीटर. तिथं एक रात्र काढा, सायकल जोडा. पहिला मुक्काम नारकंडा, सुमारे २,७०० मीटर. दुसऱ्या दिवशी रामपूरला उतरायचं, ते थेट हजार मीटरवर. हा तुमच्या ब्रेकचा पहिला मोठा पेपर. रामपूरहून सतलजच्या कडेकडेनं किन्नौरमध्ये शिरायचं, दोन दिवसांत रिकाँग पिओ आणि वर कल्पा, २,९६० मीटर. रस्त्यात जलविद्युत प्रकल्पांची धूळ आणि ट्रक फार. तोंडाला दुपट्टा बांधायची आपली सवय इथं कामाला येते. कल्पाला दोन रात्री राहा. समोर किन्नर कैलास दिसतो, वेळ वाया गेल्यासारखं वाटत नाही.

पुढचा टप्पा पूहपर्यंत, आणि त्याच्या पुढं खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून वळणावळणांनी चढ सुरू होतो तो नाकोपर्यंत. नाको ३,६०० मीटरच्या वर. पूहहून नाको म्हणजे झोपायच्या उंचीत एका दिवसात जवळपास हजार मीटरची उडी, आणि सगळ्या प्रवासातली सगळ्यात धोक्याची जागा माझ्या मते हीच. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये असा डॉक्टरांचा नेम आहे, आणि इथं मध्ये मुक्कामाला सोयीची गावं नाहीत. म्हणून तीन गोष्टी करा. कल्पाला विश्रांती चुकवू नका, नाकोला दोन रात्री राहा, आणि चढाच्या दिवशी निम्मी वाट ढकलत गेलात तरी घाई करू नका. त्रास झालाच तर पुढचं ताबो नाकोपेक्षा खाली, ३,३०० मीटरच्या जवळपास आहे. सन ९९६ मध्ये उभारलेला मातीचा मठ तिथं अजून उभा आहे. ताबो ते काझा सुमारे पन्नास किलोमीटर, नदीच्या कडेनं. मध्येच धनकरला वळलात तर उंची पुन्हा ३,९०० च्या घरात जाते. जाऊन या, पण मुक्काम खाली करा.

डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न येणं, मळमळ: हे पहिले इशारे. यातलं काही असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही, तिथंच थांबायचं. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, किंवा सरळ रेषेत टाच-बोट लावून चालता न येणं, ही लक्षणं दिसली की रात्र असो वा पहाट, गाडी करून खाली उतरायचं. सकाळी थांबू म्हणायचं नाही. उंचीवर घेतात त्या गोळ्यांबद्दल निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, कारण काहींना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असते आणि गोळीची प्रतिक्रिया घरी कळलेली बरी. बिनधास्त पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जात असतं. दारू नको. तंदुरुस्त माणसाला उंची लागत नाही हा गैरसमज आहे. उलट तगडा माणूस वेगानं वर जातो, म्हणून आधी तोच आडवा होतो.

काझ्याच्या वरच्या वाटा

काझ्यात पोचल्यावर एक पूर्ण दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवा. पेट्रोल पंप, एटीएम, दवाखाना, बाजार सगळं इथं आहे. वरच्या गावांत मोबाईलचा आणि ऑनलाइन पैशांचा भरवसा नाही, तेव्हा रोख जवळ असू द्या.

पहिली वाट की मठ, किब्बर आणि चिचमच्या पुलाची. किब्बर ४,२०० मीटरच्या वर. रस्ता बराचसा चांगला, म्हणून अंगाला उंचीची ओळख करून द्यायला हीच आधी घ्या. चिचमचा पूल २०१७ मध्ये सुरू झाला. त्याआधी लोक खोल घळीवरून तारेवरच्या पाळण्यात बसून जात. पुलावर वारा आडवा मारतो, सायकलवरून उतरून चाला.

दुसरी वाट लांगझा, हिक्किम, कोमिक. हीच खरी. काझ्याहून नागमोडी चढून लांगझाला जायचं, मग उघड्या माळावरून हिक्किम आणि कोमिक, साडेचार हजार मीटरच्या वर, आणि तिथून उतरत पुन्हा काझा. पहाटे लवकर निघा, कारण दुपारनंतर खोऱ्यात समोरून वारा सुटतो आणि उतारावरही पायडल मारावं लागतं. चढताना खोगिराच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे झुकवा, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही. नाकानं श्वास घेऊन बोलता येईल एवढाच वेग. धाप लागली की पाय टेका, इथं वेळेची शर्यत नाही. हिक्किमच्या पोस्टातून घरी एक कार्ड टाका, तेवढाच बहाणा थांबायला.

जमीन आपल्यापेक्षा वेगळी वागते. आपला मुरूम म्हणजे झिजलेला बसाल्ट, त्यात चाक थोडं रुततं पण धरतं. लांगझाकडचा पाषाण एकेकाळी समुद्राच्या तळाशी गाळ साचून झालेला आहे आणि त्याच्या पातळ पट्ट्या सुटतात. त्यावरून उतरणं म्हणजे कौलांच्या ढिगावरून सायकल नेणं: पट्टी पट्टीवरून सरकते आणि चाक तिच्याबरोबर जातं. इथं वळण आधीच हळू घ्यायचं आणि हँडल न आवळता सायकलला पायांखाली हलू द्यायचं. त्याच दगडांत शंखांचे जीवाश्म सापडतात. पोरं विकायला आणतात, घेऊ नका.

गावांना जोडणाऱ्या पायवाटाही आहेत, कोमिकहून डेमुलकडे, पुढं ल्हालुंगकडे. त्या सुंदर आहेत आणि एकट्यानं घेऊ नयेत. गावातला माणूस सोबत घ्या. सातू आणि हिरव्या वाटाण्याची शेतं सप्टेंबरात कापणीला आलेली असतात. आपल्या धुऱ्यावरून कोणी मोटारसायकल घातली तर आपल्याला कसं वाटेल तेवढं लक्षात ठेवा. वाट सोडून गवतावर चाक घालू नका, तिथं गवत उगवायला फार थोडे महिने मिळतात. याक किंवा मेंढरं दिसली की उतरा, डोंगराच्या बाजूनं उभं राहा, त्यांना जाऊ द्या.

जेवण बहुधा राजमा-भात, थुक्पा (नूडल्सचा रस्सा), मोमो. त्सम्पा म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, आपल्या घरी सातूचं पीठ कालवून खाल्लेल्याला ते जड जात नाही. घरून गूळ, फुटाणे, शेंगदाणे आणि जवसाची चटणी न्या. उंचीवर भूक मरते आणि ओळखीची चव असेल तरच घास उतरतो.

कुंझुम करायची का

काझ्याहून लोसरमार्गे कुंझुम ओलांडून बातल, छत्रू, ग्रांफू आणि पुढं मनाली. एवढे दिवस उंचीवर राहिल्यावर खिंड चढणं तुम्हाला जमेल. अडचण खिंडीच्या पलीकडं आहे. बातलपासून पुढचा रस्ता म्हणजे मैलोन्मैल गोटे आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. नाला सकाळीच पार करा, दिवसा बर्फ वितळून दुपारी पाणी वाढतं. आधी बूट काढून, काठी घेऊन पायी उतरून पाहा. पाणी चाकाच्या हबपर्यंत, म्हणजे मधल्या तुंब्यापर्यंत असेल तर हलक्या गिअरमध्ये न थांबता जा, गुडघ्याच्या वर असेल तर सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून दोघांनी मिळून न्या, किंवा ट्रकवाल्याला हात करा. ट्रकवाले थांबतात.

ऑक्टोबरात खिंडीवर बर्फ कधीही पडू शकतो. काझ्यात टॅक्सीवाल्यांना विचारा, ते रोज जातात. ते नको म्हणाले तर बस धरून किन्नौरच्याच वाटेनं परत या.

घरी पोचल्यावर बारदाना उकलला की आधी ब्रेकचे पॅड काढून पाहा. वरचा थर अर्धा मिलिमीटर उरला असेल तर बदला, उरलेल्या पॅडवर चिखलदरा उतरायला जाऊ नका. स्पितीची पिठासारखी धूळ हबच्या आणि हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या सांध्याच्या) बेअरिंगमध्ये शिरलेली असते. प्रेशरचं पाणी मारलंत तर ती आणखी आत जाते. कोरड्या ब्रशनं झटका, मग ओल्या फडक्यानं पुसा, बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरा आणि साखळी मोजून घ्या. ती लांबली असेल तर आत्ताच बदला, नाहीतर पुढच्या हंगामात मागच्या सगळ्या चकत्या बदलाव्या लागतील.